अर्बाब कोणाच्या हातचं खातो

देवरुख
१२ मे २०२४

चि. सौ. यशश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तुम्हा दोघांची खुशाली लहूकडून कळली, पण तो पडला एसी दुरुस्त करणारा. त्याच्या मते ज्या घरातला एसी नीट चालतो ते घर खुशाल. म्हणून तुझ्याकडून सविस्तर हवी आहे.

फोन असताना ताई पत्रं का पाठवतात, असं तू केयूरला विचारलंस म्हणे. माझ्या भावाच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही, हे लक्षात ठेवून बोलत जा. फोनवर तू हो ताई, हो ताई करतेस आणि फोन ठेवला की आपलंच खरं करतेस. शिवाय मी फोन हातात घेतला की जाऊबाई शेंगा सोलायला नेमक्या माझ्याच शेजारी येऊन बसतात. कागदावर लिहिलं की मला मनासारखं लिहिता येतं आणि तुला ते पुन्हा वाचावं लागतं. आखातातून, तुमच्या सीबचा कोणी ना कोणी सुट्टीवर येतो-जातोच, तेव्हा टपालाचीही अडचण नाही.

लहूच्या हाती आमसुलं, कुळथाचं पीठ, फेण्या आणि डोहाळजेवणाची हिरवी साडी पाठवते आहे. आमरसाचे डबे आहेत ते पोचल्या पोचल्या फ्रीजरमध्ये टाक. साडी जाऊबाईंनी निवडली आहे. हिरव्या बांगड्या मात्र तिथेच भरून घे, रुवीच्या बाजारात चांगल्या मिळतात. त्या माझ्या हातून येऊ नयेत असं इथल्या बायकांचं म्हणणं पडलं. हे गेल्यापासून असल्या गोष्टींत मी वाद घालत नाही.

आता अर्बाबचं. ह्यांनी तो ऑस्कर मासा पिशवीतून आणला तेव्हा जेमतेम बोटाएवढा होता. खाणं द्यायला जरा उशीर झाला की काचेशी येऊन साइटवरच्या मालकासारखे डोळे वटारायचा, म्हणून ह्यांनीच त्याला, तिकडे मालकाला म्हणतात तेच, अर्बाब हे नाव ठेवलं. नऊ वर्षं तो माझ्या हातातून खात होता. तुला घरात येऊन दीड वर्ष झालं तरी तुझ्या हातातून खात नाही, दाणे टाकून तू बाजूला झालीस की मगच खातो, असं तू लिहिलंस. वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तिकडचा कडक उन्हाळा तोंडावर आहे, तेव्हा वीज गेली तर काय करायचं ते लिहून ठेवते. खायला काही घालायचं नाही. टाकीतलंच पाणी मगाने घेऊन उंचावरून परत टाकीत ओतत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. सेलवरचा छोटा पंप ह्यांच्या खणात आहे. बर्फाच्या बाटल्या पिशवीत घालून पाण्यात सोडायच्या. नळाचं पाणी घालशील तर मासा शिजेल, कारण गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली असते. गीझर सप्टेंबरपर्यंत बंद ठेव, तो घरात असल्याने त्यातलं पाणी तापत नाही, लागलं तर तेच घे. आणि वीज आल्यावर फिल्टर धुतल्याशिवाय चालू करू नकोस, आत साचलेली घाण एकदम टाकीत येते.

मी बाळंतपणाला यावं असं तू पुन्हा लिहिलं आहेस. तुझी आई नाही, तुला कोणी हवं, हे मला कळतं. पण माझं जमणार नाही. जाऊबाईंचे गुडघे आहेत, काजूचा हिशेब आहे, पासपोर्टही नवा करायचा आहे. यांतलं कुठलं पटेल ते कारण घे.

कळावे. लोभ माझ्याकडून आहेच, वाढवायचा की नाही ते तुझ्या वागण्यावर.
वसुंधरा


सीब
२० जून २०२४

ती. वसुंधराताई यांस,
यशश्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. आम्ही दोघं मजेत आहोत आणि पोटातलं तिसरं लाथा मारण्यात मजेत आहे.

साडी सुंदर आहे. डोहाळजेवण गेल्या शुक्रवारी आपल्याच हॉलमध्ये झालं. मंडळातल्या बायकांनी हौसेने झोपाळा सजवला, गाणी म्हटली आणि माझे दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरून टाकले. लग्नानंतर मी घड्याळाशिवाय हातात काही घातलेलं नव्हतं. आता अल् खुवैरला ऑफिसात कीबोर्डवर बोटं चालवली की इतका खुळखुळाट होतो की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघतात. पण डिलिव्हरीपर्यंत काढायच्या नाहीत असं सगळ्यांनी बजावलं आहे. तुमची जागा रिकामी होती, ताई. मला सारखं वाटत होतं की तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर याल.

आता खरी बातमी. फोनवर मुद्दाम सांगितली नाही, कारण केयूरने तिचे दोन शब्द करून टाकले असते.

सोमवारी ऑफिसातून लवकर घरी आले तर आपल्या गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला. केयूर सोहारला साइटवर. घरात पाऊल टाकलं तर भट्टी. एसी बंद, फिल्टर बंद, टाकी एकदम गप्प. ती टाकी इतका आवाज करते हे तो बंद झाल्यावर कळलं. पहिल्यांदा तुमचं पत्र शोधलं. पंप सापडला, सेलही निघाले, पण त्याचे बुडबुडे एका कोपऱ्यापुरते. आणि अर्बाब बरोबर दुसऱ्या कोपऱ्यात, लाकडाच्या ओंडक्यामागे, रुसून आडवा झालेला. एका कुशीवर. मला वाटलं, संपलाच.

फ्रीजरमध्ये बर्फाची बाटली एकसुद्धा नव्हती. होते ते तुमच्या आमरसाचे डबे. ताई, माफ करा. एकेक डबा पिशवीत बांधून टाकीत सोडला. समोरच्या सुरैयाबाई दार उघडं बघून आत आल्या, त्यांनी तो देखावा पाहिला आणि मला उन्हाने काही झालंय अशी त्यांची खात्रीच पटली. मोडक्यातोडक्या हिंदीत समजावल्यावर मात्र त्यांनी अंगावरच्या अबायाचा घोळ खोचला, काचेला ओले टॉवेल लावले आणि गीझरमधलं पाणी आणून द्यायला लागल्या. मी स्टुलावर बसून मगाने पाणी ओतत होते. बादली एकदाही उचलली नाही, पोटाची शपथ.

आणि मग काय झालं ऐका. मी ओतायला लागले आणि अर्बाब ओंडक्यामागून हलला. सरळ झाला. हळूहळू वर येऊन अगदी माझ्या हाताखाली, पडणाऱ्या धारेत उभा राहिला. नुसता उभा नाही, तोंड वर करून माझी बोटं चाचपत होता. दीड वर्षात पहिल्यांदा! माझे हात भरून आले तेव्हा सुरैयाबाईंनी मग घेतला, तर हा परत मागे जाऊन आडवा. मी घेतला की वर. त्यांनी घेतला की खाली. असं तीनचारदा झालं तेव्हा सुरैयाबाईंनी निकाल दिला की मासा पोटातल्या बाळाला भेटायला येतो आहे, तेव्हा यल्ला, चल, तूच ओत. मग काय, मीच ओतत बसले. संध्याकाळची, मगरिबची अजान झाली आणि थोड्या वेळाने दिवे आले. तोवर तो धारेतून हलला नाही. हलला असता तर वाचला नसता, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या हातातून दाणा घेतला. तेव्हापासून रोज घेतो. ताई, अर्बाब माझा झाला! तुम्हाला आनंद होईल म्हणून तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

तुमच्या जाऊबाईंना नमस्कार. पासपोर्टचं काय झालं? मी आशा सोडलेली नाही. आहे तसा लोभ चालू ठेवा, आमरसाचं ऐकल्यावरही.
आपली,
यशश्री


देवरुख
१ जुलै २०२४

चि. सौ. यशश्रीस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं.

आनंद झाला नाही.

आधी रागावून घेते. आठव्याच्या उंबरठ्यावर बाई भट्टीत बसून माशाला अंघोळ घालते, ह्याला शहाणपण म्हणत नाहीत. मासा गेला असता तर गेला असता. हे मी लिहिते आहे, यावरून काय ते समज. सुरैयाबाईंना माझा सलाम सांग. तू त्यांचं ऐकतेस तेवढं माझं ऐकत जा.

आता दुसरं. तू मनाने सरळ आहेस, म्हणून मीही सरळ लिहिते. तुझं पत्र वाचून माझा जळफळाट झाला. तुला माझं घर मिळालं, मी घासूनपुसून ठेवलेला ओटा मिळाला, बाल्कनीतली तुळस मिळाली. माझा भाऊ तुझ्या शब्दाबाहेर नाही. माझी कूस उजवली नाही, तुला ते सुखही मिळतं आहे आणि देव करो, सुखरूप मिळो. या सगळ्याचं मी मनात वाईट येऊ दिलं नाही. आलं तेव्हा गिळलं. पण अर्बाबसुद्धा?

तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. ह्यांना शेवटचं घेऊन मी देवरुखला आले, तेरावं झालं आणि घर आवरायला परत सीबला गेले, ते तुला आठवत असेल. तुम्ही तेव्हा दार्सैतला राहत होता. दोन-अडीच महिने मी त्या घरात एकटी होते. बोलायला अर्बाब तेवढा होता. आणि तो माझ्याकडे येईना. दाणा चिमटीत धरून मी हात दुखेपर्यंत उभी राहायची. तो लांबून बघायचा आणि वळून ओंडक्यामागे जायचा. नऊ वर्षं रोज ज्या हातचं खाल्लं, तो हात ओळखेना. तेव्हा मला उमगलं की तो मासा ह्यांचाच होता, मी आपली वाढपी. ह्यांच्या मागे त्याने मला विचारायचं काही कारण नव्हतं.

लोकांना सांगितलं की मासा विमानाने नेता येत नाही, म्हणून ठेवून आले. खरं म्हणजे त्याने पाठ फिरवली म्हणून ठेवून आले. तुझ्याकडेही तो जात नाही असं कळायचं तेव्हा जिवाला थंडावा वाटायचा. वाटायचं, धनी गेला तो गेला, आता हा कोणाचाच नाही. आणि आता तू लिहितेस, तुझा झाला.

बाळंतपणाला न येण्याची कारणं मी तुला लिहिली होती. ती सगळी खोडून टाक. जाऊबाईंचे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगले आहेत आणि पासपोर्ट केव्हाचा येऊन कपाटात पडला आहे. ज्या टाकीशी मी हात धरून उभी राहिले, त्याच टाकीशी तुझ्या हातून तो खाताना बघायची माझी ताकद नाही. हेच एक कारण. लहानपणा म्हणायचं तर म्हण.

फाडून दुसरं लिहिणार होते, पण पत्र न्यायला माणूस दारात उभा आहे.

प्रकृतीला जप. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
वसुंधरा


सीब
१४ जुलै २०२४

ती. वसुंधराताई यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी रडले. केयूरला दाखवलं नाही. कांदा चिरत होते असं सांगितलं. ओट्यावर दुधी होता, तरी त्याला पटलं. आधी तुमचा राग आला, मग स्वतःचा आला. ‘माझा झाला’ असं लिहिताना मी इतकी फुशारले होते की ते कोणाला लिहिते आहे हेच विसरले.

त्यानंतर जे घडलं ते तुम्हाला कळलंच पाहिजे. गेल्या आठवड्यात माझं बीपी वाढलं म्हणून एक दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं. आता सगळं ठीक आहे, काळजी करू नका, केयूरलाही फोनवर झापू नका. सलाईन लावायचं म्हणून नर्सने हातातल्या बांगड्या साबण लावून उतरवल्या. मी त्या रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या आणि विसरून गेले.

घरी आले, अर्बाबला दाणा द्यायला हात पुढे केला. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लांबून बघतो आणि ओंडक्यामागे जातो. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच. ताई, मला कसं लागलं म्हणून सांगू! नवऱ्याने चार दिवस अबोला धरला असता तरी इतकं लागलं नसतं. सुरैयाबाई येऊन बघून गेल्या, पण बाळ पोटात आहे तिथेच आहे, तेव्हा त्यांचाही निकाल रद्द झाला.

परवा पर्स आवरायला काढली. रुमाल टाकीशेजारच्या टेबलावर ओतला, तशा बांगड्या घरंगळत काचेवर आपटल्या. आणि अर्बाब आला. उसळी मारून आला. मी तिथे धड उभीसुद्धा नव्हते, पर्समध्ये तोंड घालून बसले होते. तो काचेला तोंड लावून त्या बांगड्यांसमोर थांबला.

मी केयूरला विचारलं, ताई हातात काय घालायच्या. तो म्हणाला, ताईच्या दोन्ही हातांत कायम काचेच्या जांभळ्या बांगड्या असायच्या. ती जिना चढायला लागली की भावजींना वर कळायचं आणि ते चहाचं आधण ठेवायचे. तेराव्यानंतर तुम्हाला आणायला विमानतळावर तोच आला होता ना? तुमचे मोकळे हात दिसले तेव्हा आपण खाली बघून सामान उचलायला लागलो, असं म्हणाला.

ताई, त्याने तुमच्याकडे पाठ फिरवली नव्हती. तुम्ही आलात हे त्याला कळलंच नाही. तो मला ओळखत नाही, बाळालाही नाही. वीज गेली त्या दिवशी तो माझ्या हाताखाली आला तो तुमच्यासाठी आला आणि तुमच्याच जिवावर वाचला. मी रोज त्याला भरवते आणि तो दुसऱ्याच कोणाच्या हातचं खातो. आता मला तुमचा हेवा वाटतो. चांगलाच वाटतो.

तुम्ही काय करावं हे सांगणारी मी कोण? सांगतही नाही. जे बघितलं तेवढं लिहिलं आहे. व्हिसाचे कागद केयूर पाठवतो आहे. नको असतील तर पासपोर्टशेजारी कपाटात ठेवा.

तुमचा लोभ मागायला आज मला तोंड नाही, तरी मागते.
आपली,
यशश्री


देवरुख
२५ जुलै २०२४

चि. सौ. यशश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. आमटीत मीठ पडलं नाही, जाऊबाईंनी ते वरून घालून घेतलं. मनात एकच घोळत होतं. घाटावर बायकांनी माझे हात मोकळे केले तेव्हा मी ह्यांच्याचसाठी रडत होते. त्या मुक्या जिवालाही त्याच दिवशी मी परकी झाले, हे मला कसं कळणार? तो बिचारा तिथे माझी वाट बघत होता आणि मी त्याच्यासमोर उभी राहून त्याला बोल लावत होते.

बुधवारी बाजारात झरीनच्या दुकानात गेले. तुझ्यासाठी बांगड्या घ्यायच्या असं मनाशी ठरवूनच गेले होते. झरीनने माप बघायला सवयीने माझाच हात धरला. भावजयीसाठी हव्यात असं म्हणणार होते. म्हटलं नाही. हिरव्या नकोत, त्या तुझ्या. जांभळ्या दाखव म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि भरायला घेतल्या. हात जाड झाला आहे, एक फुटली, दोन ठिकाणी ओरखडे आले. बऱ्याच दिवसांनी रस्त्याने चालताना माझी मला चाहूल लागत होती.

घरी आल्यावर जाऊबाई शेंगा सोलायला माझ्या शेजारी न बसता परसात जाऊन बसल्या. संध्याकाळी चहा देताना एवढंच म्हणाल्या की मापाच्या आहेत. शेजारच्या बायका काय बोलतात ते त्या मला सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

व्हिसाचे कागद मिळाले. केयूरला म्हणावं, आठ ऑगस्टचं तिकीट काढ. डिंक आणि अळीव घेऊन येते. आमरस आणणार नाही. तुझ्या घरात त्याचं काय होतं ते मला कळलं आहे. बीपीचं मला पत्रातून कळवतेस, याबद्दल आल्यावर बोलेन. मीठ कमी कर, दुपारची पडत जा, आणि गीझर अजून बंदच आहे ना, ते बघ. तुझं बाळंतपण मी नीट करीन, पण दारातून आत आले की आधी टाकीशी जाईन. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

तुला माझा हेवा वाटतो, हे वाक्य मी चारचारदा वाचलं. या वयात असं कोणी लिहिलं की बरं वाटतं.

कळावे. मागितलास तेवढा लोभ दिला, उरलेला येताना घेऊन येते.
वसुंधरा

ता. क. मी येईन तेव्हा दोन्ही हात टॉवेलात गुंडाळून गप्प बसून राहायचं. तुझी एक जरी बांगडी वाजली तरी मी परतीच्या विमानात बसेन. बघू दे मला, तो येतो का.